बाहुल्यांची नासाग्रदृष्टी

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी निम्मी अंगं कागदावरच घातली आहेत, गोड मानून घ्यावीत.) गुडघा कसा आहे? वहिनी म्हणतात तुम्ही उगाच कण्हता. वहिनींचं वाक्य मला नेहमीच प्रमाण.

पत्रास कारण तुमची कन्या. तिला आमच्या कारखान्यात लावून घ्या म्हणून गळ तुम्हीच घातली होती, तेव्हा फळंही तुम्हीच चाखा.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. कोरलेल्या प्लेटवर शाई भरायची, अर्ध्या कांद्यासारखा मऊ रबरी पॅड तिच्यावर दाबून चित्र उचलायचं आणि बाहुलीच्या गुबगुबीत चेहऱ्यावर टेकवायचं. रबर दबलं की पसरतं, चित्र फाकतं. म्हणून मी प्लेटवर डोळे मुळातच नाकाकडे ओढून, चांगले तिरळे काढतो. रबर त्यांना सरळ करतं. वाकडं काढून सरळ उमटवणं, या एका विद्येवर माझी चूल पेटते.

तर कन्येने ते रबर कॉम्प्युटरात घातलं. पडद्यावर निळं-तांबडं रबर दबतं, फुगतं, आणि मालक समाधी लागल्यासारखे बघत बसतात. मी म्हटलं, बाई, हे सगळं अनुमान झालं, प्रत्यक्ष कुठे आहे? तर म्हणाली, प्रत्यक्षात रबर वाया जातं, काका. (उत्तर बरं होतं. मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.) शेवटी यंत्राने असा आकार सुचवला की चित्र मुळी फाकणारच नाही. तो पॅड ओतून आला तेव्हा ठेचकाळलेल्या वांग्यासारखा दिसत होता. मालकांनी कौतुकाने आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पाहायला बोलावलं. ते गेलं की बाहुल्यांचा विभाग बंद, आणि विभागासोबत मी.

पहिली बाहुली बाहेर आली ती स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत. दुसरीही तशीच. बघता बघता टेबलावर योगिनींचा आश्रम भरला. गिऱ्हाईकाने हळूच विचारलं, ह्यांना काही होतंय का? कन्येने धावत जाऊन प्लेट पाहिली, मग मला पाहिलं.

"काका, हे डोळे तुम्ही मुद्दाम तिरळे काढता?"

"मग काय जन्मभर चुकून काढतोय?"

"मला सांगायचं नाही का?"

मला कुणी विचारलं होतं? न विचारता ज्ञान देऊ नये, असं शास्त्र आहे. रबराच्या पोटात काय चाललंय ते सांगणाऱ्या यंत्राला समोरची प्लेट दिसली नाही, यात माझा काय दोष? गिऱ्हाईकाने आणखी एक संधी दिली, हे त्याचं औदार्य. तात्पर्य, असलं यंत्र म्हणजे आंधळ्याच्या हाती दुर्बीण. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा

ता.क. काल सरळ डोळ्यांची प्लेट लावून तोच वांगेपॅड चालवला. डोळे बरे आले. (माझ्या हातून इतके बरे कधी आले नव्हते, पण हे वहिनींना वाचून दाखवू नये.) गिऱ्हाईक राहिलं. विभागही राहिला.

आणखी ता.क. यापुढे प्लेटी सरळच काढायच्या, असं मालकांनी ठरवलं आहे. सरळ डोळे काय, कुणीही काढील. तेव्हा दादा, काकाला त्या पडद्याशेजारी बसवून चार गोष्टी शिकव, असं तुम्ही तिला सुचवावं. माझं नाव निघू नये.

शेवटचं ता.क. ती रविवारी तुमच्याकडे येते आहे, म्हणून पत्र तिच्याच हाती देतो. पाकीट उघडंच आहे. गोंद मिळाला नाही.