बुशहरमध्ये केलेला शिराझी फालुदा

मेहरांगीज वन्सं यांना तूबाचा आदराचा सलाम. तुमचे गुडघे आता कसे आहेत? अंगणातलं लिंबू यंदा धरलं का? तुम्ही शिराझहून बसने पाठवलेला सोऱ्या, गव्हाचं सत्त्व आणि घरी काढलेलं गुलाबपाणी सुखरूप पोचलं. तुमचे उपकार फिटायचे नाहीत (आणि हे मी मनापासून लिहितेय, तीस वर्षांत पहिल्यांदाच).

तुमच्या भावाच्या पोटाच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी दूध, दही, आइस्क्रीम बंद केलं, तर ह्यांनी उरलेलंही बंद करून टाकलं. सूप नको, भात नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. आपला शिराझचा बिनदुधाचा, बर्फाळ फालुदा असेल तर खाईन, एवढंच एकदा म्हणाले. मग काय, मी बाह्या सरसावल्या. पहिल्या घाण्याला सत्त्व इतकं घट्ट शिजलं की शेव पडेना, म्हणून मी सोऱ्याच्या दांड्यावर अक्षरशः बसले. सोऱ्या मोडला नाही (तुमच्या घरचं सगळंच हट्टी), पण बर्फाच्या पाण्यात पडायची ती शेव खिडकीच्या पडद्यावर गेली. दुसरा घाणा झकास उतरला. मग गरम पाकात मी दुकानातल्याच्या मापाने पेलाभर गुलाबपाणी ओतलं. तुमचं ते किती जालीम आहे हे चिठ्ठीत लिहायला काय झालं होतं, वन्सं? वास पार खालच्या मजल्यापर्यंत गेला.

आपल्याकडे घरातून असा गुलाबपाण्याचा वास कधी सुटतो, हे तुम्हाला मी काय सांगू. त्यात हे आजारी, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. मी फ्रीझरमधला फालुदा काट्याने खरवडत होते, तेवढ्यात खालच्या गोलअंदामबाई काळे कपडे घालून, मयताच्या घरी नेतात तसा खजुरांचा थाळा घेऊन, डोळे पुसत वर आल्या. दार उघडलं ते ह्यांनीच. बाईंची बोबडी वळली. हे मात्र शांतपणे म्हणाले, "भला माणूस होता हो. या, आत या."

आणि वन्सं, हे हसले. टाक्यांवर हात दाबून हसले. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, लाज कसली त्यात. मग ह्यांनी लिंबू पिळून वाटीभर फालुदा खाल्ला. गोलअंदामबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि खजूर परत नेले. तुम्हाला माझ्या लाख दुवा.

तुमची भावजय,
तूबा

ता. क. वाटी खाली ठेवून हे म्हणाले, "छान झालाय. पण ताईच्या हातचा नाही."

आणखी एक ता. क. "मी येऊ का?" असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा "कशाला उगाच त्रास" म्हटलं. आपल्यात तीनदा विचारतात, वन्सं. मी फोन कानाला लावून तिसऱ्या खेपेची वाट बघत उभी होते, आणि तुम्ही ठेवून दिलात.