मायसाठी जागा

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार
माय आज पुन्हा डाळ गॅसवर ठेवून विसरली. कुकर शिट्ट्या देत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. लिंबायतच्या कापड कारखान्यात लूमवर उभं आयुष्य गेलं, कान तिथेच गेले. मी शाळेतून आले तर जळका वास जिन्यापर्यंत. "व्हयी जास," म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.
योगराज आणि मी दोघंही दिवसभर बाहेर. तिला एकटं ठेवणं बरोबर नाही. वृद्धाश्रम बघायचा — ठरलं. लिहिताना हात अडखळला नाही, म्हणजे निर्णय बरोबर असावा. की मी कठोर आहे?

१५ नोव्हेंबर, शनिवार
गोपाळला अमळनेरला फोन केला. धाकटा भाऊ, पण आवाज वडीलधाऱ्याचा. "मायले आश्रममा टाकशी? लोके काय म्हनतीन?" म्हटलं, मग तू घेऊन जा. लगेच म्हणे, "ताई, आवाज कट व्हयी ऱ्हायना." मला तर चांगला ऐकू येत होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
दोन ठिकाणं पाहिली. कतारगामचं स्वच्छ आहे, माणसं बरी. पण भिंतीला लागून लूमचा कारखाना. दिवसभर खडखड. माझं डोकं उठलं. काट मारली.
डुमस रोडचं मात्र उत्तम. चिकूची झाडं, न्हाणीघरात धरायला दांडे, रात्री जागी असणारी बाई. आणि शांतता! मी न्हाणीघराची फरशी ओली करून त्यावर चालून पाहिलं. योगराज म्हणाला, "जागा बघतेयस की शाळा तपासतेयस?"
हेच ठिकाण. खात्री आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळचा चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसतो, काचेचं दार ओढून. माय आत खुर्चीत, तोंड आमच्याकडे. डुमसचं तिला सांगायचं कसं, इथेच रोज अडतो. मी म्हटलं, तिला ऐकूच येत नाही, मग दार कशाला ओढायचं? योगराज म्हणाला, "आपल्या समाधानासाठी."

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
माय दिवसभर सरलाबाईकडे, लिंबायतच्या जुन्या शेजारणीकडे. आली ती खुशीत. भूक नाही म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार
मायच्या कानाशी ओरडून सांगितलं, चल, डुमसला फिरून येऊ. ती हलली नाही. "डुमस नको. कतारगाम."
कतारगामचं नाव तिला कोणी सांगितलं? तिने बोटाने गॅलरीचं दार दाखवलं. "तू नि जवाई तठे बोलतस, ते समदं माले दिखस."
लूमच्या आवाजात बायका नुसत्या ओठांनी बोलतात. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मीही मायशी तशीच बोलायचे. घरी आम्ही तिच्या कानाशी ओरडत राहिलो आणि मी ते पार विसरले. काच ओढली, पडदा नाही!
काल ती सरलाबाईला घेऊन रिक्षाने कतारगामला गेली होती. तिथे गुलाबबेन आहे, तिच्या शेजारचा लूम चालवणारी, तिच्याइतकीच बहिरी. दोघी दिवसभर बोलल्या, जेवणही तिथेच. "डुमसले मी कोनासंगे बोलू? चिकूसंगे?"
मी दांडे पाहिले, फरशी पाहिली. बोलायला कोण, हे पाहिलं नाही. आणि ती खडखड — ती ऐकू कोणाला येणार होती? मलाच.
म्हटलं, बरं. काही दिवस राहून बघ.

७ डिसेंबर, रविवार
कतारगामला गेले. खरं सांगायचं तर तिला परत आणायलाच. घर खायला उठतंय, हे योगराजलाही सांगितलं नव्हतं.
ओसरीवर माय आणि गुलाबबेन समोरासमोर. ओठ हलतायत, आवाज नाही, दोघी हसतायत. माझा धीर होईना. फाटकातूनच विचारलं, नुसत्या ओठांनी — माय, घर येशी?
तिनेही तसंच उत्तर दिलं. "नही. पुढला रविवारे मेथी लई ये. निवडेल नको, आमी दोन्ही जनी निवडसूत."