मिठाच्या बरणीमागचा चष्मा

आबा, तुमचा चष्मा मी आज मिठाच्या बरणीमागे ठेवला आहे. कापसाच्या जिनिंगमधल्या युनियनचा मोर्चा असला की तुम्ही तो तिथेच काढून ठेवायचात. लाठी बसली तर काच डोळ्यात जाते, म्हणायचात. मग आई दिवसभर भाकरी थापता थापता त्या बरणीकडे बघत राहायची, आणि मी तुमच्या लाल झेंड्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

जिनिंग बंद पडली तेव्हा उघडच बोललो. आपल्या नंदुरबारच्या कॉलनीत सगळे बोलत होते तेच: या युनियनवाल्यांनी गावाचं वाटोळं केलं, असल्यांच्या हाती सरकार गेलं तर देशाचंही होईल. तुम्ही ताटावरून उठला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुले भेव वाटस, तं तसं सांग. झेंडाले नावं नको ठेवू." मला भयंकर राग आला, कारण पोलीस दोनदा दारात येऊन गेले होते आणि तेव्हापासून मी रात्री उठून दाराची कडी तपासायचो.

आता तुमची नात काठमांडूत डॉक्टरकी शिकते. तिथलं सरकार तुमच्याच रंगाच्या झेंड्याचं, आणि त्याच्याविरुद्ध शहरातली चांगल्या घरची पोरं रस्त्यावर उतरली आहेत. टीव्हीवर पोलीस पोरांवर गोळ्या झाडताना दाखवताहेत. कॉलनीत सगळे खूश. पोरं लाल्यांना बरी अद्दल घडवताहेत म्हणतात. एरवी मीही म्हणालो असतो. पण सकाळी तिचा फोन आला. "पप्पा, मैत्रिणी आन मी मोर्चामा जखमीसले पट्ट्या, कापूस लई जाई ऱ्हायनूत. चष्मा रूममाच ठेवी दिधा." आईने तिला तुमच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यातून पोरीने नेमकं हेच उचललं. देश आपला नाही, भांडण आपलं नाही, सगळं बोलून पाहिलं. तिने विचारलं, "आबा आज ऱ्हातात तं कोन्ही बाजूले ऱ्हातात?"

"घरमाच ऱ्हातात," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

दुपार कलली. फोन लागत नाही. बायको सारंगखेड्याला माहेरी आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. मी आईच्या जागी, बरणीसमोर बसून हे लिहितो आहे. लिहून झालं की कपाटात टाकीन, पोरीलाही दाखवणार नाही. तुम्ही असतात तर पट्ट्या घेऊन तिच्या पुढे चालू लागला असतात, झेंड्याचा रंग बघितलाही नसता. हे सकाळी मला पक्कं माहीत होतं. तरी तुमच्या नावावर खोटं बोललो. मला भेव वाटतं, आबा.