नऊच्या आधी बोलायचं नाही

६ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

शाळेच्या मागच्या दाराशी दगडी पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर मी आणि ताई. ती आठवीत, मी चौथीत. बसला उशीर झालेला. ताईने मोजे घोट्यापर्यंत खाली सारले होते. एखाद्या ननने पाहिलं असतं तर दोघींना बोलणी बसली असती. ती संत्रं सोलत होती आणि बिया काढून एकेक फोड माझ्या तळहातावर ठेवत होती. बोलत कुणीच नव्हतं. ऊन पायांवर आलं होतं. बस, एवढंच.

काल माइंडफुलनेसच्या वर्गात मॅडमनी (वयाने माझ्या भाचीएवढ्या) पूर्ण शांततेचा एक क्षण आठवायला सांगितला, तर हाच आला. रडू फुटलं. मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड, आतलं काहीतरी मोकळं होतंय.

तर ठरलं. ती शांतता परत आणायची. याच घरात, याच वयात. उठल्यापासून नऊपर्यंत मौन. ध्यान. मग खिडकीतून निसर्ग. सर्व जिवांविषयी करुणा, अपवाद नाही.

अडचण एकच. ताई.

७ फेब्रुवारी

भावजी गेल्यापासून ताई माझ्याकडे राहते. त्याआधी मी एकटी. लग्न केलं नाही, लायब्ररीत नोकरी केली. दोन्हींमुळे शांतता भरपूर मिळाली. ताईला मात्र शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण वाटते. ती दुधाशी बोलते, गॅसशी बोलते, न सापडणाऱ्या झाकणाशी भांडते.

आज ध्यानाला बसले तर स्वयंपाकघरातून हाक. बेबी, साखर कुठे ठेवलीस? मी मौनात. बेबी, ऐकलंस का? मौन. बेबी, बरी आहेस ना गं? मग धावत आली आणि स्टीलचा चमचा माझ्या नाकाखाली धरला, वाफ धरते का बघायला. मी श्वासावरच लक्ष ठेवून होते. चमच्याची गरज नव्हती.

दाराला कार्ड लावलं. मौन, ९ पर्यंत. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे.

१२ फेब्रुवारी

मैत्रीभावना शिकवली. सुखी हो, निर्भय हो, असं मनात म्हणायचं. आधी स्वतःसाठी, मग प्रिय व्यक्तीसाठी, मग जिच्याविषयी काहीच वाटत नाही अशा व्यक्तीसाठी, शेवटी अवघड व्यक्तीसाठी.

काहीच न वाटणारी व्यक्ती: औषधाच्या दुकानातला माणूस. अवघड: ताई. प्रिय व्यक्तीचं नाव सुचेना म्हणून समोरच्या झाडावरची खार घेतली. मॅडम म्हणाल्या, माणूस घ्या. म्हटलं, बघते.

१३ फेब्रुवारी

ताईला अवघड गटात ठेवून सुखी हो म्हणत होते, तेवढ्यात तिने मिक्सर लावला. निर्भय हो हे जरा मोठ्याने म्हटलं गेलं. मौन मोडलं. हिशेबात धरलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

तळ्याकाठी ध्यानपूर्वक चालणे. एकेक पाऊल, टाच, तळवा, बोटं. ताई पुढे जाऊन दोन बाकांवरच्या लोकांशी ओळख करून परत आली, तरी मी कचऱ्याच्या डब्यापाशीच. एका जॉगरने थांबून विचारलं, आजी, हात देऊ का? ताई त्याला म्हणाली, नको रे बाबा, तिला काही झालेलं नाही, ती निसर्गाचा आनंद घेतेय.

आनंद घेता आला नाही. घोट्याला मुंगी चावली. तिला सोडून दिलं. ताईला सोडायला वेळ लागला.

३ मार्च, सकाळी ७.३०

ध्यान चालू असताना ताई आली. कार्ड वाचूनही आली. समोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तुझ्या भाचीचा फोन होता. नवीन घर घेतलंय, आई तू इकडेच ये म्हणतेय, नातही मागे लागलीय. मग म्हणाली, बेबी, जाऊ का मी?

मी मौनात. काय करणार? हात जोडले आणि मॅडम हसतात तसं मंद हसले.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग बरं म्हणाली आणि उठली.

९.०५

मौन संपलं. ताई परत विचारेल म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ती भाचीला फोनवर सांगत होती की बेबीची काही हरकत नाही, उलट हसली.

दुपारी

नऊनंतर विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. दार ठोठावून, कार्ड वाचून, दीड तास आधी विचारायचं! हे तिचं लहानपणापासूनचं. थांबणं म्हणून माहीत नाही.

आता मी आपणहून विषय काढला तर ती आसक्ती होईल.

५ मार्च

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही किती सुंदर सोडून देताय. वर्गाने माना डोलावल्या. घरी येताना चुकीच्या बसमध्ये बसले.

१४ मार्च

ताईची बांधाबांध. दर वस्तू हातात घेऊन विचारते, बेबी, ही राहू दे का इथे? मी म्हणते, तुझी इच्छा. मग ती वस्तू बॅगेत टाकते, पण आपटून. ही शाल तरी राहू दे म्हणशील की नाही, असं एकदा चिडून म्हणाली. मी म्हटलं, वस्तूंत काय आहे? ताई म्हणाली, वस्तूंचं कोण बोलतंय इथे?

काय म्हणायचं होतं ते नीट सांगेल तर शपथ.

२२ मार्च

भाची गाडी घेऊन आली. मावशी, तू पण चल ना चार दिवस, म्हणाली. ताईने लगेच तिला गप्प केलं. नको गं, तिची साधना आहे. गाडीत बसल्यावर काच खाली करून ताईने विचारलं, काही राहिलं का गं? म्हटलं, काही नाही.

गाडी वळेपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवलं. सापडत नव्हता.

निश्चय: तीन महिन्यांचा एकांत. संधी आपणहून चालून आली आहे.

२३ मार्च

मौन अत्यंत उत्तम. कुणी हाक मारली नाही. नऊ वाजता मौन सोडलं. कुणाशी बोलायचं हे ठरलं नव्हतं. दुधाला म्हटलं, ये बाबा वर. नासलं होतं.

२७ मार्च

खार आली नाही. चौथा दिवस. खालच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, झाडाला काही झालंय का? त्या म्हणाल्या, झाडाला काय होणार, तुमच्या ताई रोज खिडकीत बिस्किटाचा चुरा ठेवायच्या ना!

म्हणजे माझा निसर्ग ताई चालवत होती. मला न सांगता. बिस्किट आणलं. चुरा करून ठेवला. कावळा आला. त्याच्याविषयी करुणा बाळगायचा प्रयत्न केला, पण तो ताटलीतच उभा राहिला.

३१ मार्च

औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, आज एकट्याच? मोठ्या बाई कुठे? त्यांच्याशिवाय दुकानात मजा नाही.

त्याला अवघड गटात टाकलं.

२ एप्रिल

प्रिय व्यक्तीची जागा रिकामी असल्यामुळे, निव्वळ सोयीसाठी, ताईला तिथे घेतलं. सुखी हो म्हटलं. भाचीने दुपारी फोटो पाठवले. ताई नातीची वेणी घालतेय, ताई नव्या बाल्कनीत, ताई हसतेय. सुखीच आहे की. कमालीचा राग आला. फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसले.

मैत्रीभावना काही दिवस बंद.

९ एप्रिल, सकाळी १०

फोन केला. कारण काढलं होतं: ताईचा जादा चष्मा इथे राहिलाय, आणून देऊ का? ताई म्हणाली, कुरिअरने पाठव. म्हटलं, फुटेल. म्हणाली, जुना नंबर आहे बेबी, फुटला तरी चालेल. मी चष्मा पदराने पुसत राहिले.

मग तीच म्हणाली, एकदा तरी म्हणायचंस, जाऊ नकोस म्हणून. मी समोर बसून विचारलं, तर तू नमस्कार केलास. पाहुण्याला करतात तसा.

म्हटलं, मौन होतं.

ताई म्हणाली, आता दहा वाजलेत. आता बोल.

बोलायला गेले. चष्म्याची केस कोणती पाठवू, असं काहीतरी विचारलं. पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं, सर्दीही असेल. मग म्हणाली, माझी खोली नातीबरोबर आहे, ती आता माझ्याशिवाय झोपत नाही. तेव्हा मी काही परत यायची नाही. हॉलमध्ये सोफा आहे. आखूड आहे, पाय मुडपावे लागतील. आणि ही पोरगी सहाला उठून गाणी लावते, आधीच सांगते.

म्हटलं, चष्मा स्वतः आणून देते.

११ एप्रिल, सकाळी ६.४०

चार दिवसांसाठी जातेय. याला आसक्ती म्हणता येणार नाही. नव्या घरात हवा खेळती आहे का, ते बघायला कुणीतरी जायलाच हवं. डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी द्यायची आहे, तिचा मजकूर इथे जुळवून घेते.

कुंड्या: सगळ्या डॉक्टरीणबाईंनी ठेवून घ्याव्यात. परत देण्याची घाई नको.

ध्यानाची उशी: त्यांच्या मांजराला. ते तसंही बसण्यात माझ्यापेक्षा पुढे आहे.

घंटा आणि ध्यानाची पुस्तकं: वर्गाच्या मॅडमना. मी सोडून दिलंय, असं सांगावं. त्यांना आवडेल.

बिस्किटांचे पुडे: औषधवाल्याला. त्याच्या मुलांसाठी, रागाने नव्हे.

दूध, पेपर: बंद. कधीपासून सुरू करू विचारलं तर म्हणावं, त्या कळवतील.

लोकरी कोट कपाटात शोधू नये. तो मी बॅगेत घेतलाय. आत्ता उन्हाळा आहे हे मला माहीत आहे.