बुलबुलचा डावा हात

३ फेब्रुवारी
बुलबुलने आज डावा हात ओढणीतून बाहेर काढलाच नाही. माझ्याकडे कुराण शिकणाऱ्या बाकीच्या सात पोरी दोन्ही हातांनी पुस्तक धरतात, ही एकाच हाताने. मी ओढणी सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्याचे वळ!
"पडले, फुप्पी."
आठ वर्षांची पोर. खोटं किती सफाईने!

४ फेब्रुवारी
पट्टा कुणाचा ते मला ठाऊक आहे. भाईचा. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा, म्हणून तर मी बुलबुलची फुप्पी, आत्या. विधवेशी निकाह केला, तिच्या यतीम, बिनबापाच्या बुलबुलला छप्पर दिलं, म्हणून गल्ली त्याला डोक्यावर घेऊन नाचते. तलाकनंतर मला खालची खोलीही त्यानेच दिली. तोंड उघडलं तर जाऊ कुठे?

६ फेब्रुवारी
वरून आवाज आला. मी शिलाई मशीन जोरात चालवलं — ऐकू येऊ नये म्हणून. लिहितानाही लाज वाटते.

७ फेब्रुवारी
'यतीमावर जोर करू नका' — आज या आयतीचा अर्थ सांगायचा होता. बुलबुल एकटक माझ्याकडे बघत होती. पोरींना लवकर सोडलं.

८ फेब्रुवारी
भाभीला जिन्यात गाठलं. "वळण लावतायत ते," म्हणाली. नजर पायरीवर. मग हळूच, "दुसरं घरही मोडलं तर लोक मलाच नावं ठेवतील." तिचा ओठ सुजलेला होता.

१० फेब्रुवारी
इमामसाहेबांकडे गेले. नाव घेतलं नाही. विचारलं, दुसऱ्याचा ऐब, दोष झाकावा म्हणतात ना?
"चूक झाकावी, बाई. जुलूम नाही. मूल म्हणजे अमानत, अल्लाहने सोपवलेली ठेव, हिशेब वर द्यावा लागेल. आणि देशाचा कायदाही हेच सांगतो — मुलांना असं मारणं गुन्हा आहे. मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. नाहीतर घर सांगा, मी करतो."
"मीच करते," म्हटलं खरं. घरी येऊन तीनदा नंबर लावला, तीनदा तोडला.

११ फेब्रुवारी
केला! पत्ता विचारला त्यांनी. मी माझाच पत्ता सांगितला.
आता जिना वाजला की दाराची कडी तपासते.

१२ फेब्रुवारी
दुपारी एक अधिकारी बाई आल्या, सोबत पोलीस. भाई जिन्यातून ओरडला, "कुणी केला फोन?" भिंतीला धरून उभी होते. तोंडून निघून गेलं, "मी."
"माझ्या घरात राहून? माझंच खाऊन?"
 
भाईवर गुन्हा नोंदवला. भाभी पोरीला घेऊन तिच्या आईकडे गेली. मला महिनाअखेर खोली सोडायची आहे. झोप उडाली. चूक केली का मी?

१४ फेब्रुवारी
अधिकारी बाई जबाब घ्यायला आल्या होत्या. उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या आधी एक फोन आला होता. चार तारखेला, एका शाळेच्या ऑफिसातून. पत्ता सांगायच्या आत तुटला. मुलीने काल कबूल केलं, तो तिचाच."
मी विचारलं, काय म्हणाली होती ती?
"'माझ्या फुप्पीने हात बघितलाय. ती सांगेल तुम्हाला.'"
सात दिवस वाट बघत होती पोर.