जमनाच्या फोनोची चावी

९ फेब्रुवारी
तारीख मनूनं घातली. मला भरतीची वेळ विचारा, तारखा नकोत. मी बोलते, नात लिहिते. मी पानी म्हणते, ती पाणी लिहिते. लिहू दे. विरारला बँकेत नोकरी करते, रोज आमच्या बेटावरनं होडीनं अर्नाळ्याला उतरते, बाईसाहेबांना शुद्ध लागतं.

हिचं लग्न ठरल्यापासून एकच खूळ. हळदीला माझ्या मैत्रिणीचा, जमनाचा फोनो वाजला पाहिजे. कर्ण्याचा, चावी फिरवून वाजणारा. "बाबा फिरवायचे ना गं, आजे?" फिरवायचा. बेटावर कुणाचीही हळद असो, चावीला नारायणच. माझा लेक गेला तेव्हा ही चार वर्षांची...

'गेला' खोड. 'दर्यात गेला' लिही. मासेमारीला जातात तसा.

१२ फेब्रु.
जमनाकडे. फोनो बाजेखाली, गोधडीत. कर्ण्यात कोंबडीनं अंडी घातलेली. मनूनं पुसून काढला, तबकडी फिरते का बघितली. चावीच नाही.

"जमनाआजी, चावी कुठाय?"

जमना माझ्याकडे बघते. मी लुगड्याचा काठ बघते. "भंगारवाल्यानं नेली गो."

शेजारीण म्हणाली, उधाणात वाहून गेली. होडीवाला म्हणाला, मुंबईला दुरुस्तीला गेली ती गेलीच. एका चावीला तीन मरणं. मनूनं तिन्ही लिहून घेतली. आता म्हणते, फोनो मुळात आला कुठनं तेच शोधते, म्हणजे चावीचाही माग लागेल. शोध, बाई.

१५ फेब्रु.
रविवार. वसईकडे गासला, पास्कूबाबांकडे. त्यांच्याच घरचा तो फोनो. त्यांच्या वडलांनी जमनाच्या सासऱ्याला दिला, बदल्यात दोन गोणी सुके बोंबील. बाब नव्वदीला टेकलेत, दात नाहीत, बोंबलाची चव अजून सांगतात. मी म्हटलं, आता दिले तर चोखत बसाल. हसले.

मनूनं चावीचं विचारलं. बाब सरळ माणूस, त्यांना कुणी गप्प राहायला सांगितलंच नव्हतं.

"चावी? ती तुमच्या बेटाची रीत. होडी माणूस हरवून आली, की फोनोची चावी काढून त्या घरी नेऊन द्यायची. ते घर आपल्या हातानं परत आणील तेव्हाच परत वाजायचा. शेवटची कोणाकडं गेली ते तुम्हालाच म्हाईत."

मनू माझ्याकडे वळली. मी म्हटलं, बाब, चहात साखर कमी पडली.

परतताना होडीत ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

१६ फेब्रु.
लिही. मान वर करू नको, नुसतं लिही.

होडी आली तेव्हा चौघांतले तिघेच उतरले. नारायण नव्हता. शोधला, अंग नाही सापडलं. बाराव्या दिवशी जमना आली, चावी नव्या फडक्यात बांधून. माझ्या मांडीवर ठेवली. वर्षानं चावी मागायला यायची रीत. जमना आली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मी दिली नाही. दिली म्हणजे नारायण येणार नाही असं मीच सगळ्या बेटाला सांगितलं. ते का सांगू? परक्या हद्दीत धरले जातात, वर्षानुवर्षं आत असतात, मग एक दिवस दाढी वाढवून दारात उभे राहतात. ऐकलंय आपण.

आणि खूण आहे माझ्याकडे. बेटावरची हवा एका पावसात खिळा खाते. चावी तांदळाच्या डब्यात एकवीस पावसाळे. एक डाग नाही. सणासुदीला काढून बघते. तशीच चकचकीत. माणूस नसता, तर लोखंड एवढं राहिलं असतं?

लिहिलंस का? वाच ना.

२० फेब्रु.
चार दिवस वही बंद. लिहिणारीच रुसली की माझंही तोंड शिवलं जातं. आज आली.

"एकवीस वर्षं बेटावर एक तबकडी वाजली नाही. तुझ्यामुळं."

म्हटलं, डीजे वाजला की. म्हाताऱ्यांचे कान फुटले. हसली नाही.

सगळी खोटं बोलली हे तिला लागलंय. मी म्हटलं, तुझ्याशी कुठे, माझ्यासाठी बोलली. एकवीस वर्षांत किती हळदी झाल्या, एक बाई दारात येऊन म्हणाली नाही, चावी दे. जमनाच्या तीन पोरी याच काळात गेल्या सासरी. तीनही फोनोशिवाय. तेव्हा मी जेवायला गेले होते. पोटभर जेवले.

हे बोलताना मलाच...

राहू दे. चंदनसारला लेथवाला आहे म्हणे, नवी चावी करून देतो. मनू जमनाला विचारून आली. जमना म्हणाली, "नवी चावी माझ्या फोनोला लागनार नाय. हात लावशील तर बघ."

२५ फेब्रु.
पत्रिका आली. मनूनं वाचून दाखवली. मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. नारायणच्या नावाआधी एक बारीक काहीतरी बसलंय, व्याह्यांच्या नावाआधी नाही. बोट ठेवलं. लग्नाच्या पत्रिकेत मेलेल्या माणसाआधी लावतात ते 'कै.'

कुणी लावायला सांगितलं?

"मी," कुंदा म्हणाली. सून माझी. एकवीस वर्षं माझ्यासमोर आवाज चढवला नाही तिनं. आजही नाही.

मी म्हटलं, डबा आण, चावी बघ, मग बोल. तिनं आणला. चावी हातात घेतली, आणि पदरानं सवयीनं पुसली.

"आई, दर पावसाळ्यात डबा रिकामा केला की मी हिला तेल लावते. खोबरेल. पहिल्याच वर्षी गंज धरला व्हता. तुमी बघाल म्हनून घासून काढला."

दर वर्षी?

"दर वर्षी."

मला वाटत होतं, तो आहे. आणि ही बिचारी...

मनू, पुढचं नको लिहू. कुंदा रडत होती एवढं लिही. मी नव्हते. मी डब्याकडे बघत होते.

१ मार्च
तीन दिवस जेवण जात नाही. कुंदा पेज आणते. आज विचारलं, तुला कधी कळलं गं, तो येणार नाही म्हणून? म्हणाली, होडी वाळूला लागली तेव्हाच. आणि कपाळाला कुंकू? "ते तुमच्यासाठी लावते, आई."

एका घरात दोघी. मी तिला आशा दाखवत होते, ती माझी आशा तेल लावून ठेवत होती.

३ मार्च
उद्या हळद. दुपारी जमनानं फोनो डोक्यावरून आणला. या वयात. ओटीवर ठेवला, म्हणाली, "मी मागायला आले नाय. ठेवायला आलेय. माझ्या घरात जागा नाय." खोटारडी. तिच्या घरात दोन फोनो नाचतील.

कुंदानं चावी मांडीवर दिली. भोक शोधायला वेळ लागला. बसली. फिरवली. आत काहीतरी कुरकुरलं, मग मऊ झालं. नारायण तीस फेरे द्यायचा. मला कोडीच येते, विसाची, मासळी मोजतो तशी. एक कोडी दिली. मग दोन्ही हातांची बोटं मनात धरून आणखी दहा.

फोनो भरलाय. सुई वर आहे. ओटीवर बायका जमल्यात. मनू लिहिता लिहिता विचारते, "आजे, ठेवू सुई?" जमना तिला गप्प करते.

चावीवरनं माझा हात अजून काढलेला नाही.