पानाआधी आलेला भुईचाफा

रविवार, माघ सरत आला. जळगाव

वाफ्यावर आज फरशी बसणार होती. भुईचाफ्याची पानं दिवाळीनंतर वाळली, तेव्हापासून मुलाचा धोशा, "आई, तिथे नुसती माती आहे. गाडी मावेल." म्हटलं, "तुझं टक्कलही मोकळंच आहे, त्यावर बसव."

तरी मिस्त्री आलाच. घमेलं ओतता ओतता थबकला. "अक्का, हाई काय शे?"

कोरड्या मातीतून पांढरं-जांभळं फूल. एकही पान नाही! पहाटे अजून शाल लागते. उन्हाळा जवळ आल्याचं याला जमिनीखाली कळलं कसं? शाळेत शिकवणाऱ्या परदेशी सिस्टर त्यांच्याकडच्या बर्फातल्या फुलांचं कौतुक सांगायच्या. आमचं हे त्यांनी कधी पाहिलंच नसेल. पान नाही, देठ नाही, थेट भुईतून.

मुलगा उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, फरशी परत न्या."

टोमणा तोंडाशी आला होता. फुलाकडे बघता बघता बोलायचंच राहून गेलं.